पॅकेटची प्रत कुठून घ्यावी: राउटरवरील पोर्ट मिररिंगविषयी

नेटवर्कमध्ये काही बिघडले की तारेवरून प्रत्यक्षात काय जात आहे हे पाहिल्याशिवाय बहुतेक वेळा निदान होत नाही. अडचण एखाद्या लॅपटॉपवर असेल तर त्याच लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी माहितीची पाकिटे (पॅकेट्स) टिपून दाखवणारे साधन, चालवता येते. परंतु सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बायोमेट्रिक हजेरी यंत्र, आयपी फोन किंवा प्रिंटर यांवर असे काही बसवता येत नाही, आणि ज्या संगणकात शिरकाव झाल्याचा संशय आहे त्या संगणकाने स्वतःविषयी दिलेल्या माहितीवर विसंबून चालत नाही. अशा वेळी पॅकेट्सची प्रत मधल्या उपकरणावर, म्हणजे राउटर किंवा स्विचवर, घ्यावी लागते. एका पोर्टवरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवायची आणि त्या दुसऱ्या पोर्टला जोडलेल्या संगणकावर ती पाहायची, या व्यवस्थेला पोर्ट मिररिंग म्हणतात. सिस्कोच्या उपकरणांवर काम केलेले लोक तिला स्पॅन म्हणतात.

हबच्या काळात याची गरज नव्हती, कारण हबमध्ये एका पोर्टवर आलेली फ्रेम (तारेवरून जाताना पॅकेटचे इथरनेटच्या आवरणातले रूप) बाकीच्या सर्व पोर्टांवर जात असे आणि कोणत्याही पोर्टला बसून सगळे दिसत असे. स्विच मात्र कोणता मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) कोणत्या पोर्टवर आहे हे शिकून घेतो आणि फ्रेम तेवढ्याच पोर्टवर पाठवतो. त्यामुळे आज स्विचच्या रिकाम्या पोर्टला लॅपटॉप जोडून कॅप्चर, म्हणजे पॅकेट्स टिपणे, सुरू केले तर एआरपीच्या (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याच्या) विचारणा, सर्वांसाठीचे ब्रॉडकास्ट, गटासाठीचे थोडे मल्टिकास्ट आणि स्वतःचे ट्रॅफिक एवढेच हाती लागते. नेटवर्क कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये टाकले की सगळे दिसते असा समज अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. त्या मोडमुळे कार्ड आपल्यासाठी नसलेली फ्रेम टाकून देणे थांबवते, पण जी फ्रेम आपल्या तारेवर आलीच नाही ती त्याला कुठून दिसणार?

या विषयावर लिहावेसे वाटले याचे कारण असे, की मिररिंग सुरू कसे करायचे याची माहिती सर्वत्र सापडते, पण प्रत कुठल्या बिंदूवर घेतली आहे आणि त्या बिंदूवरून काय दिसणारच नाही, याचा विचार फार कमी ठिकाणी मांडलेला आढळतो. प्रत घेण्याची जागा चुकली तर कॅप्चर खरे असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा ठरतो.

घरात किंवा लहान कार्यालयात ज्याला आपण राउटर म्हणतो त्या डब्यात प्रत्यक्षात दोन वेगळी उपकरणे असतात. मागच्या बाजूचे चार लॅन पोर्ट बहुधा एका स्विच चिपला जोडलेले असतात, आणि ती चिप आतल्या एका दुव्याने मुख्य प्रोसेसरला जोडलेली असते. नॅट (आतल्या खासगी पत्त्यांच्या जागी बाहेर एकच सार्वजनिक पत्ता लावणे), फायरवॉल, पीपीपीओई (सेवा पुरवणाऱ्याकडे लॉगिन करून जोडणी उभारण्याची पद्धत) ही सगळी कामे प्रोसेसरची. एका लॅन पोर्टवरचा संगणक दुसऱ्या लॅन पोर्टवरच्या प्रिंटरशी बोलतो तेव्हा ते पॅकेट स्विच चिपमधल्या मध्ये जाते आणि प्रोसेसरला त्याची वार्ताही नसते. म्हणून मिररिंग स्विच चिपमध्ये केले आहे की प्रोसेसरवर चालणाऱ्या लिनक्समध्ये, हा पहिला प्रश्न. चिपमध्ये केलेले मिररिंग वेगवान असते, प्रोसेसरवर त्याचा भार पडत नाही आणि एआरपीसकट सगळ्या फ्रेम्स जशाच्या तशा मिळतात, परंतु कोणत्या पत्त्याची किंवा कोणत्या सेवेची प्रत हवी हे लहान चिपला बहुधा सांगता येत नाही. मायक्रोटिक या कंपनीच्या राउटरच्या ज्या मॉडेल्समध्ये अशी चिप आहे त्यांत मिररचा स्रोत पोर्ट आणि लक्ष्य पोर्ट एवढे दोनच रकाने भरायचे असतात, आणि राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्स प्रणालीवर काही चिप्ससाठी हीच सोय मिळते.

प्रोसेसरच्या बाजूने करायचे तर लिनक्समध्ये दोन रूढ मार्ग आहेत. पहिला आयपीटेबल्स या फायरवॉलच्या साधनातील टी (TEE) हा पर्याय, जो २०१० पासून मूळ कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग आहे. तो नियमात बसणाऱ्या प्रत्येक आयपी पॅकेटची प्रत काढून ती आपण सांगितलेल्या शेजारच्या यंत्राकडे पाठवतो. त्या प्रतीतला मूळ आयपी पत्ता बदलत नाही, बदलतो तो फक्त इथरनेट पातळीवरचा मॅक पत्ता, आणि म्हणूनच प्रत घेणारे यंत्र त्याच नेटवर्कखंडात असावे लागते. येथे एक गोष्ट आवर्जून पाहावी. प्रत घेणाऱ्या यंत्रावर आयपी फॉरवर्डिंग सुरू असेल तर ते यंत्र आलेली प्रत मूळ गंतव्य पत्त्याकडे पुन्हा रवाना करते, आणि एकच पॅकेट दोनदा पोहोचू लागते. ते बंद असल्याची खात्री करूनच नियम घालावा.

टी वापरताना नियम कोणत्या साखळीत, म्हणजे पॅकेटच्या राउटरमधील प्रवासाच्या कोणत्या टप्प्यावर, घातला याने चित्र पुष्कळ बदलते. बाहेरून आलेले उत्तर प्रीराउटिंगच्या (पॅकेट आत आल्यावर, पुढची वाट ठरण्याआधीच्या साखळीच्या) मँगल टप्प्यावर पाहिले तर त्यावर आपला सार्वजनिक पत्ताच असतो, कारण नॅट उलटवण्याचे काम त्याच्या नंतर होते. कार्यालयात तीस संगणक असतील तर त्यांपैकी ते उत्तर कोणासाठी आहे हे तेथे कळत नाही. जाणारी पॅकेट्स प्रीराउटिंगमध्ये लॅनचा पत्ता स्रोत म्हणून धरून टिपावीत आणि येणारी पॅकेट्स पोस्टराउटिंगमध्ये (राउटरमधून बाहेर पडण्याआधीच्या साखळीत) लॅनचा पत्ता गंतव्य म्हणून धरून टिपावीत, म्हणजे दोन्ही दिशांना खासगी पत्ते दिसतात आणि संभाषण जुळते.

दुसरा मार्ग टीसी या ट्रॅफिक नियंत्रणाच्या साधनातील मिरर्ड क्रियेचा. तो आयपीच्या खालच्या पातळीवर, थेट इंटरफेसवर काम करतो. त्यामुळे एआरपी किंवा पीपीपीओईची सुरुवातीची देवाणघेवाण अशा ज्या गोष्टी टीला दिसत नाहीत त्या येथे दिसतात. येणाऱ्या आणि जाणाऱ्या दिशेसाठी दोन स्वतंत्र नियम लागतात. दुसरा नियम घालायचा राहून गेला की कॅप्चरमध्ये फक्त प्रश्न दिसतात आणि उत्तरे गायब असतात.

या दोन्ही मार्गांत एक समान अडथळा आहे. आजच्या राउटरमध्ये वेग वाढवण्यासाठी फ्लो ऑफलोडिंग नावाची सोय असते. जोडणीची पहिली काही पॅकेट्स नेहमीच्या मार्गाने जातात आणि जोडणी स्थिर झाली की उरलेली पॅकेट्स फायरवॉलचे नियम वगळून जवळच्या वाटेने, काही उपकरणांत तर प्रोसेसरला न शिवता, निघून जातात. अशा राउटरवर टी लावला तर प्रत्येक जोडणीची सुरुवात तेवढी दिसते आणि पुढे शांतता. पाहणाऱ्याला वाटते की जोडण्या तुटत आहेत. मिररिंगपुरते ऑफलोडिंग बंद ठेवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे, मात्र त्या काळात प्रोसेसरवरचा ताण वाढतो आणि वेग कमी होऊ शकतो, हे वापरणाऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

जागेचे महत्त्व किती, हे एका प्रकरणातून मला सर्वांत स्पष्ट दिसले. एका लहान कार्यालयातील उबुंटू सर्व्हर रोज रात्री बाहेरच्या सर्व्हरवर एचटीटीपीएसमार्गे बॅकअप पाठवत असे. इंटरनेटची जोडणी बदलून पीपीपीओईवर आल्यानंतर बॅकअप अडकू लागला. लॉगिन होत असे, दूरच्या फाइलींची यादी येत असे, अगदी लहान फाइलही जात असे, पण मोठी फाइल निघाली की हालचाल थांबत असे. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर इंटरनेट व्यवस्थित चालत होते. सेवा पुरवणाऱ्याच्या माणसाने स्वतःचा लॅपटॉप थेट ओएनटीला (फायबर जिथे येऊन संपतो त्या सेवा पुरवणाऱ्याच्या डब्याला) जोडून तपासणी केली आणि लाइन चांगली असल्याचे दाखवले, आणि ते खरेही होते.

तेथील राउटरमध्ये मिररिंगची सोय नव्हती, म्हणून पाच पोर्टांचे दोन लहान मॅनेज्ड, म्हणजे संरचना बदलता येणारे, स्विच मध्ये घातले, एक सर्व्हर आणि राउटर यांच्या मध्ये आणि दुसरा राउटर आणि ओएनटी यांच्या मध्ये. दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या अशा स्विचमध्ये मिररिंगची सोय असते, आणि ज्याला अशी कामे वारंवार करावी लागतात त्याच्या पिशवीत असा एक स्विच कायम असावा, असे माझे मत आहे. दोन्ही मिरर पोर्ट एकाच लॅपटॉपला जोडले, एक त्याच्या स्वतःच्या पोर्टला आणि दुसरा यूएसबी अ‍ॅडॉप्टरला. एकाच यंत्रावर दोन्ही बाजू टिपल्या की वेळेचे घड्याळ एकच राहते आणि नंतर दोन कॅप्चर शेजारी ठेवून ओळीला ओळ लावता येते.

लॅनच्या बाजूच्या कॅप्चरमध्ये जोडणीच्या पहिल्याच पॅकेटमध्ये सर्व्हर सांगत होता की त्याचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमध्ये घ्यायच्या मजकुराची कमाल मर्यादा, १४६० बाइट आहे. पुढची ओळख, प्रमाणपत्र, लॉगिन ही सगळी लहान पॅकेट्स सुरळीत जात-येत होती. मग फाइल निघाली आणि १५१४ बाइटच्या (१५०० चे पॅकेट आणि १४ चे इथरनेट हेडर) फ्रेम्स दिसू लागल्या. त्यांना पोच आली नाही. पहिली फ्रेम पुन्हा पाठवली गेली, मग आणखी थोड्या वेळाने पुन्हा, प्रत्येक खेपेस थांबण्याचा अवधी जवळपास दुप्पट होत गेला. मधूनच गेलेला एखादा लहान तुकडा मात्र पलीकडे पोहोचत होता, त्यामुळे दूरचा सर्व्हर तोच जुना पोचक्रमांक पुन्हा पुन्हा पाठवून त्याआधीचा भाग मिळाला नसल्याचे कळवत होता. एवढेच कॅप्चर हाती असते तर पॅकेट सेवा पुरवणाऱ्याच्या जाळ्यात हरवते आहे, असा निष्कर्ष कोणीही काढला असता, कारण आपल्या बाजूने ते निघालेले तर स्पष्ट दिसत होते.

वॅनच्या, म्हणजे राउटर आणि ओएनटी यांच्यामधल्या, बाजूच्या कॅप्चरवर एचटीटीपीएसचे नेहमीचे पोर्ट ४४३ चे फिल्टर लावले तेव्हा एकही ओळ आली नाही. तेथे प्रत्येक आयपी पॅकेट पीपीपीओईच्या ८ बाइटच्या आवरणात असते आणि टीसीपीडम्प या पॅकेट टिपणाऱ्या साधनाच्या फिल्टरला ते आवरण आहे हे पीपीपीओईएस या शब्दाने आधी सांगावे लागते. तसे सांगितल्यावर लहान पॅकेट्स एकेक दिसू लागली, लॅनवरच्या आकारापेक्षा बरोबर ८ बाइट मोठी. मोठी फ्रेम मात्र एकही नव्हती. ती राउटरमध्ये शिरत होती आणि राउटरमधून बाहेर पडत नव्हती.

कारण असे. इथरनेटच्या १५०० बाइटमधून पीपीपीओईचे ८ वजा जाता १४९२ उरतात. सर्व्हरचे १५०० बाइटचे पॅकेट त्यात मावत नाही, आणि त्यावर तुकडे न करण्याची खूण असल्याने राउटर ते तोडूही शकत नाही. अशा वेळी राउटरने पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कमधील अडचणी कळवण्याच्या पद्धतीचा) एक संदेश पाठवायचा असतो, ज्यात तुकडे करणे आवश्यक आहे असे म्हटलेले असते आणि चालणारा आकारही सांगितलेला असतो. तो संदेश मिळाला की सर्व्हर पुढची पॅकेट्स लहान करतो. लॅनच्या कॅप्चरमध्ये तो संदेश कुठेच नव्हता. राउटरच्या नियमांत, सुरक्षेसाठी म्हणून, सगळे आयसीएमपी बंद करणारी एक ओळ कोणीतरी पूर्वी घालून ठेवली होती, आणि जुन्या जोडणीत पूर्ण १५०० बाइट मावत असल्याने तिचा त्रास कधी झाला नव्हता. ती ओळ काढली आणि शिवाय राउटरवर एमएसएस १४५२ पर्यंत खाली आणणारा नियम घातला. बॅकअप त्याच रात्री पूर्ण झाला.

यात फाइलीतील एकही अक्षर वाचण्याची गरज पडली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. सगळे संभाषण कूटबद्ध होते आणि तसेच राहिले. उत्तर मिळाले ते आकार, क्रम, वेळ आणि एका अनुपस्थित पॅकेटवरून, आणि अनुपस्थिती सिद्ध करायला दोन ठिकाणी प्रत असणे भाग होते.

तेथे लाइनचा वेग कमी होता, म्हणून कॅप्चरमध्ये नसलेले पॅकेट तारेवरही नव्हते असे निर्धास्तपणे म्हणता आले. वेगवान दुव्यावर तसे म्हणता येत नाही, कारण मिरर स्वतःच पॅकेट्स गाळतो. एक गिगाबिटचा दुवा दोन्ही दिशांना एकाच वेळी एकेक गिगाबिट वाहतो, म्हणजे एकूण दोन. मिरर पोर्ट मात्र लॅपटॉपकडे एकाच दिशेने एक गिगाबिट देऊ शकतो. सरासरी वापर तीस टक्के आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण ट्रॅफिक सरासरीने येत नाही, लोंढ्यांनी येते. दोन्ही दिशा क्षणभर भरल्या की मिरर पोर्टवर दर मिलीसेकंदाला सव्वाशे किलोबाइट जास्तीचे साचते, आणि लहान स्विचमधला बफर साधारण तेवढाच असल्याने एका मिलीसेकंदात तो भरतो. त्यानंतरच्या प्रती मुकाट्याने टाकल्या जातात. अनेक पोर्टांची प्रत एकाच पोर्टवर आणली तर हे आणखी लवकर घडते.

सुदैवाने प्रत गळली की पॅकेट खरेच हरवले, हे ओळखण्याची एक खात्रीची खूण टीसीपीमध्येच आहे. कॅप्चरमध्ये एखादा भाग दिसत नाही, पण समोरच्या यंत्राने त्याची पोच दिली आहे आणि तो भाग पुन्हा पाठवला गेला नाही, तर तो भाग व्यवस्थित पोहोचलेला आहे. हरवली ती फक्त आपली प्रत. वायरशार्क अशा ठिकाणी न दिसलेल्या भागाला पोच आल्याची टीप लावते, आणि झीक हे नेटवर्कवर लक्ष ठेवणारे साधन याच तत्त्वावर कॅप्चरमधील गळतीची टक्केवारी काढून वेगळ्या नोंदवहीत लिहिते. कोणत्याही कॅप्चरवर मत देण्याआधी ही टीप किती वेळा आली आहे ते मी पाहतो, आणि ती जास्त असेल तर त्या कॅप्चरवरून पॅकेट हरवण्याविषयी काहीही बोलत नाही.

मिररमध्ये न दिसणाऱ्या आणखीही गोष्टी आहेत. खराब तारेमुळे मोडलेल्या, म्हणजे ज्यांची तपासबेरीज जुळत नाही अशा फ्रेम्स स्विच आधीच टाकून देतो, त्यामुळे त्यांची प्रत सहसा निघत नाही. तारेचा दोष शोधायचा तर मिररकडे न पाहता पोर्टवरच्या एररच्या आकड्यांकडे पाहावे. काही स्विच प्रत देताना व्हीलॅनचा (एकाच स्विचवर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) टॅग काढून टाकतात. स्रोत म्हणून संपूर्ण व्हीलॅन दिला आणि दोन्ही दिशा निवडल्या तर एकच पॅकेट आत येताना आणि बाहेर जाताना असे दोनदा टिपले जाते आणि नवख्याला ते पुनर्प्रेषण वाटते. वायरशार्कसोबत येणारे एडिटकॅप अशा दुबार प्रती काढून टाकते. पॅकेटमधले सूक्ष्म कालांतर मिररच्या रांगेत बदलते, म्हणून मायक्रोसेकंदांच्या हिशेबासाठी मिररवर विसंबू नये.

जेथे गळती अजिबात चालत नाही तेथे टॅप, म्हणजे तारेच्या मध्ये बसवून प्रत काढणारे उपकरण, वापरतात. फायबरवरचा निष्क्रिय टॅप प्रकाशाचाच काही भाग वेगळा काढतो, त्यात बफर नसतो म्हणून भरण्याचा प्रश्न नसतो, मोडक्या फ्रेम्सही जशाच्या तशा येतात आणि प्रत्येक दिशेची प्रत स्वतंत्र तारेने मिळते. तो बसवताना मात्र जोडणी काही क्षण तोडावी लागते आणि प्रकाश विभागल्यामुळे पलीकडे पोहोचणारी शक्ती घटते, तिचा हिशेब आधी मांडावा लागतो.

दूरच्या इमारतीतील स्विचची प्रत आपल्या टेबलावर हवी असेल तर सिस्कोच्या परिभाषेत आरस्पॅन आणि ईआरस्पॅन असे दोन मार्ग आहेत. पहिला प्रती एका राखीव व्हीलॅनमधून आणतो आणि दुसरा जीआरई या बोगद्याच्या पद्धतीच्या आवरणात घालून आयपी नेटवर्कवरून आणतो. मायक्रोटिकमध्ये हेच काम टीझेडएसपी या पद्धतीने, यूडीपीच्या ३७००८ या पोर्टवर होते आणि वायरशार्क ते आवरण उघडून आतले पॅकेट दाखवते. या सगळ्यांत आवरणामुळे पॅकेट मोठे होते, आणि वर वर्णन केलेला आकाराचाच प्रश्न प्रतीच्या बाबतीतही उभा राहू शकतो. शिवाय प्रती ज्या तारेवरून आणायच्या त्याच तारेची प्रत घेतली जात असेल तर प्रतीचीही प्रत निघू लागते, म्हणून तो प्रवाह फिल्टरमधून वगळावा लागतो.

प्रत घेणाऱ्या यंत्राविषयी थोडे. मिररला जोडलेल्या इंटरफेसला आयपी पत्ता देऊ नये, म्हणजे ते यंत्र त्या बाजूने काही बोलणार नाही. अनेक स्विच मिरर पोर्टवरून आत येणारे ट्रॅफिक स्वीकारतच नाहीत, त्यामुळे त्या यंत्राला स्वतःच्या कामासाठी दुसरी जोडणी लागते. लिनक्सवर जीआरओ आणि एलआरओ बंद करावेत, नाहीतर कार्ड किंवा कर्नेल अनेक पॅकेट्स एकत्र करून देते आणि तारेवर कधीच नसलेली हजारो बाइटची पॅकेट्स कॅप्चरमध्ये दिसतात. वरच्या प्रकरणात हे बंद नसते तर १५१४ हा आकडा दिसलाच नसता.

साठवणीचा हिशेब सुरुवातीलाच करावा. सतत १०० मेगाबिटचा प्रवाह म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट, आणि आठ तासांच्या कामकाजात ३६० गिगाबाइट. म्हणून ठरावीक आकाराच्या फाइलींचे चक्र लावावे, ज्यात जुनी फाइल आपोआप पुसली जाते, किंवा प्रत्येक पॅकेटचे सुरुवातीचे शंभरएक बाइट तेवढे ठेवावेत. निदानासाठी बहुतेक वेळा हेडर पुरतात आणि लोकांचा मजकूर आपल्या डिस्कवर येत नाही, हा त्याचा त्याहून मोठा फायदा आहे. लहान पॅकेट्सचा मारा होत असेल तर आकारापेक्षा संख्या आडवी येते: ६४ बाइटच्या फ्रेम्सनी भरलेला एक गिगाबिटचा दुवा एका दिशेने सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम्स देतो, आणि साधा लॅपटॉप तेवढ्या टिपू शकत नाही.

कूटबद्धतेमुळे मिररिंग निरुपयोगी झाले असे म्हणणारे अलीकडे भेटतात. मला ते पटत नाही. एचटीटीपीएसमागच्या कूटबद्धतेची २०१८ मध्ये आलेली आवृत्ती टीएलएस १.३ हिने प्रमाणपत्रही झाकले, डीएनएसच्या विचारणाही एचटीटीपीएसमधून जाऊ लागल्या, आणि टीसीपीऐवजी वापरल्या जाणाऱ्या क्विक या पद्धतीत तर पोचक्रमांकसुद्धा बाहेरून दिसत नाहीत. तरीही कोणते यंत्र कोणाशी, केव्हा, किती वेळ आणि किती बोलले हे दिसतेच. रात्री अडीच वाजता हजेरीचे यंत्र एखाद्या अनोळखी पत्त्याशी दर मिनिटाला बोलत असेल तर त्याचा मजकूर वाचल्याशिवायही चौकशी सुरू करता येते. सुरिकाटा हे घुसखोरी ओळखणारे साधन किंवा झीक मिररवर बसवण्याचा उपयोग आज प्रामुख्याने या प्रकारचा आहे.

आता या विषयाची दुसरी बाजू. प्रत घेतली जात आहे हे ज्याच्या पॅकेटची प्रत निघते त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. २००६ मध्ये एटी अँड टी कंपनीचे निवृत्त तंत्रज्ञ मार्क क्लाइन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉल्सम स्ट्रीटवरील इमारतीतल्या ६४१ए या खोलीची माहिती उघड केली. तेथे ऑप्टिकल स्प्लिटर लावून फायबरवरच्या ट्रॅफिकची प्रत त्या खोलीतील उपकरणांकडे वळवली जात होती. वर ज्या निष्क्रिय टॅपचे वर्णन केले त्याचेच ते तत्त्व. राउटरच्या बाबतीत याहून जवळचे उदाहरण २०१८ चे आहे. मायक्रोटिकचे राउटर सांभाळण्याच्या विनबॉक्स या सोयीतील एका त्रुटीची दुरुस्ती त्या वर्षी एप्रिलमध्ये निघाली होती, पण असंख्य राउटर अद्ययावत झाले नव्हते. सप्टेंबरमध्ये चिनी सुरक्षा कंपनी क्विहू ३६० च्या नेटलॅबने जाहीर केले, की ७,५०० हून अधिक राउटरमधील मालकांचे ट्रॅफिक अनोळखी पत्त्यांकडे टीझेडएसपीने पाठवले जात आहे. कोणताही परका प्रोग्रॅम तेथे बसवलेला नव्हता. निदानासाठी दिलेली स्निफरची सोय कोणीतरी सुरू करून पत्ता आपला घातला होता. एफटीपी आणि ईमेलची जुनी, कूटबद्ध नसलेली पोर्ट्स त्यात निवडलेली होती, म्हणजे पासवर्ड उघडे मिळतील अशी. आपल्याकडच्या लहान इंटरनेट सेवादारांकडे आणि कार्यालयांत मायक्रोटिकचा वापर मोठा आहे, म्हणून हे उदाहरण मी भेटेल त्या प्रत्येक नेटवर्क सांभाळणाऱ्याला सांगतो.

कार्यालयात मिररिंग करायचे तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी, त्यात कारण, कालावधी आणि कोणत्या पोर्टची प्रत घेणार हे लिहावे, आणि नेटवर्कवर तपासणी होऊ शकते हे कर्मचाऱ्यांना धोरणातून आधीच ठाऊक असावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा हवाला देऊन काही जण सगळी पॅकेट्स साठवून ठेवण्याचे समर्थन करतात. त्या निर्देशांत १८० दिवस ठेवायला सांगितले आहे ते लॉग. लॉग म्हणजे घडलेल्या गोष्टीची नोंद, आणि पॅकेट कॅप्चरमध्ये लोकांचे संभाषणच असते. त्याच निर्देशांतील घड्याळे एनटीपीने जुळवण्याची सूचना मात्र कॅप्चर करणाऱ्यानेही पाळावी, नाहीतर फायरवॉलचा लॉग आणि कॅप्चर यांची वेळ जुळत नाही.

काम संपल्यावर मिररचा नियम काढावा आणि राउटर एकदा रीस्टार्ट करून तो परत आला नाही ना हे पाहावे, कारण काही उपकरणांत चालू संरचना आणि साठवलेली संरचना वेगळी असते आणि साठवलेल्या प्रतीत नियम राहिलेला असू शकतो. ज्या नेटवर्कचा ताबा दुसऱ्याकडून आपल्याकडे आला आहे तेथे पहिल्याच आठवड्यात स्विचवरील मिरर सत्रे, आयपीटेबल्सच्या मँगल तक्त्यातील टीचे नियम, टीसीचे फिल्टर आणि मायक्रोटिक असेल तर स्निफरच्या खिडकीतील स्ट्रीमिंगचा रकाना ही चार ठिकाणे उघडून पाहावीत. शेवटच्या रकान्यात आपण न घातलेला पत्ता दिसला तर तो नुसता पुसू नये. आधी संरचनेची प्रत काढून ठेवावी, मग स्ट्रीमिंग बंद करावे, राउटरची आवृत्ती अद्ययावत करावी आणि त्या राउटरचेच नव्हे, तर त्यामागे बसून ईमेल आणि एफटीपी वापरणाऱ्या सर्वांचे पासवर्ड बदलायला लावावेत.